घटस्फोटाचा अर्ज वर्षात नेमका कधी करावा? (मुलगी जूनमध्ये दहावीत जाणार आहे)

जाईजुई_पिंपरी (धागाकर्ती):

बरीच वर्षं इथे वाचते आहे, लिहिते पहिल्यांदाच. लग्नाला पंधरा-सोळा वर्षं झाली. मोठी लेक नववीत, धाकटा तिसरीत. आमच्यात मारहाण, व्यसन, तिसरं माणूस असं काही नाही. पण २०२४ च्या गणपतीपासून एकाच फ्लॅटमध्ये दोन खोल्यांत राहतो आहोत. बोलणं होतं ते दूधवाला, शाळेची फी आणि मुलांना कोण आणणार-सोडणार एवढ्यापुरतं. वेगळं व्हायचं हे दोघांचंही ठरलं आहे. समुपदेशन झालं, दोन्हीकडच्या मोठ्यांची बैठकही झाली. गाडी अडली आहे ती फक्त 'कधी' या एका प्रश्नावर.

आई म्हणते, रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं आहेत, तेवढी होऊन जाऊ देत. पाडव्याच्या तोंडावर नको, वर्षाची सुरुवात असते. एप्रिलमध्ये धाकट्या दिराचं लग्न आहे, त्याआधी बोभाटा नको असं सासूबाईंचं म्हणणं. १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतो आहे. तो संपेपर्यंत शाळा सुरू होतात आणि लेकीचं दहावीचं वर्ष लागतं. नवराही म्हणतो, दहावी होऊ दे, मग बघू. पण दहावीनंतर अकरावीचा प्रवेश येईल, पाठोपाठ बारावी, आणि तोवर धाकटा मोठ्या वर्गात गेलेला असेल.

मला घाई नाही, पण हे असं लांबत गेलं तर माझी नोकरी, माझी झोप, दोन्ही टिकणार नाहीत. ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी वेळ कशी ठरवली? कोर्टाच्या दृष्टीने अमुक महिना बरा असं काही असतं का? मुलांच्या बाबतीत काय सांभाळलं? मनापासून सांगा. 'अजून एकदा विचार करा' हे कृपया लिहू नका, तो विचार करून झाला आहे.

शमी:

जाईजुई, धागा काढलास हे फार चांगलं केलंस. याबद्दल उघड कोणी बोलत नाही आणि जी ती एकटी कॅलेंडर समोर घेऊन बसते.

माझं सांगते. कोर्टात अर्ज देण्याची तारीख आणि घरच्यांना सांगण्याची तारीख या दोन वेगळ्या ठेव. अर्ज दिला म्हणून त्या दिवशी कोणाच्या घरी दवंडी पिटली जात नाही. माझा अर्ज दाखल झाल्यावर कितीतरी आठवडे माझ्या चुलत नणंदेलाही माहीत नव्हतं. पण घरच्यांना सांगणं मात्र मी सणाच्या आगेमागे ठेवलं नाही. सणाला सगळं गणगोत एकत्र असतं, प्रत्येकाला मत असतं, आणि मुलं ते ऐकत असतात.

आमच्याकडे गौरी उभ्या असतात. ज्या वर्षी मी वेगळी झाले त्या भाद्रपदात मुखवटे कुठे राहणार यावरून जेवढं रामायण झालं तेवढं घराच्या हप्त्यावरून झालं नाही. सासूबाईंना मी स्वतः सांगितलं की मुखवटे, साड्या, एकदाण्या सगळं तुमच्याकडेच राहू द्या, मी फक्त मुलांना जेवायला पाठवीन. तो एक निर्णय गणपतीच्या बराच आधी, आषाढातच झाल्यामुळे मुलांचा सण वाचला. म्हणून म्हणते, तारीख कुठलीही घे, पण त्यानंतरचा पहिला मोठा सण कोणता येतो ते बघ आणि त्या दिवशी मुलं कुठे असतील ते आधी ठरव.

काळा_कोट:

मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करतो. इथे कोणा एकाच्या प्रकरणावर सल्ला देता येणार नाही, पण कायद्याची चौकट सांगतो. 'कधी' याचं बरंचसं उत्तर त्या चौकटीतच आहे.

तुमच्या मनात एक तारीख आहे, कायद्यात तीन आहेत. पहिली, तुम्ही पती-पत्नी म्हणून राहणं थांबवलं ती. दुसरी, अर्ज दाखल केला ती. तिसरी, हुकूमनामा, म्हणजे घटस्फोट मंजूर करणारा न्यायालयाचा आदेश, मिळाला ती. तिन्ही तारखांचे परिणाम वेगवेगळे आहेत.

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३ ब खाली परस्परसंमतीने अर्ज करायचा तर किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. वेगळं म्हणजे वेगळ्या घरातच असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुरेष्टा देवी प्रकरणात स्पष्ट केलं आहे की एका छपराखाली राहूनही पती-पत्नी म्हणून संबंध संपलेले असू शकतात. जाईजुईताई, तुम्ही लिहिलेलं दोघंही शपथेवर सांगणार असाल तर तुमचं ते वर्ष केव्हाच भरलं आहे.

अर्ज दिल्यावर पुढचा टप्पा, ज्याला आम्ही सेकंड मोशन म्हणतो, तो सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत. हे सहा महिने माफ होऊ शकतात. अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या २०१७ च्या निकालाने तो अधिकार कौटुंबिक न्यायालयाला दिला आहे. पण त्याला अटी आहेत : समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत, पोटगी, मुलांचा ताबा वगैरे सगळं मिटलेलं असावं, आणि वेगळं राहण्याचा काळ पुरेसा झालेला असावा.

आता महिने मोजा. फेब्रुवारी २०२६ मध्ये अर्ज झाला तर सहा महिने ऑगस्टमध्ये भरतात आणि अठरा महिने ऑगस्ट २०२७ मध्ये. लेकीची दहावीची परीक्षा २०२७ च्या फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला असेल. म्हणजे एक तर दुसरा टप्पा गणपतीआधी उरकतो, किंवा दोघांनी ठरवून तो परीक्षेनंतर, एप्रिल २०२७ मध्येही घेता येतो. मुदत तेवढी आहे. उलट जूनपर्यंत थांबलात तर सहा महिने डिसेंबरात भरतील, म्हणजे नेमके पूर्वपरीक्षेच्या तोंडावर.

न्यायालयाच्या सुट्ट्याही धरा. महाराष्ट्रात उन्हाळी सुट्टी साधारण मेच्या सुरुवातीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असते, शिवाय दिवाळी आणि नाताळ. सुट्टीतल्या न्यायाधीशांसमोर तातडीचे अर्ज चालतात, नेहमीची कामं नाही. एप्रिलअखेर दाखल केलेला अर्ज बहुतेक वेळा जूनपर्यंत हलत नाही.

मावळतीकर:

मी बाप आहे. दुसऱ्या बाजूचंही कोणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितो.

आमच्याकडे अर्ज एप्रिलच्या शेवटी झाला. लगेच सुट्टी लागली आणि मुलगा आईबरोबर गावी गेला. मला भेटण्याबद्दल कागदावर एक ओळ नव्हती. सबंध मे महिना गेला. फोन लावायचा, उचलला तर उचलला. तिच्याही बाजूने ती घाबरली होती हे मला आज कळतं. तेव्हा मात्र शाळा सुरू व्हायची वाट बघत बसलो, कारण शाळेच्या फाटकाशी तरी तो दिसला असता.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं, महिना कुठलाही निवडा, पण मे महिना आणि दिवाळी यांचं वाटप अर्जाच्या आधी लिहून काढा. अर्धी सुट्टी इकडे, अर्धी तिकडे, असं बहुतेक संमतीपत्रांत असतंच. पण 'अर्धी' म्हणजे कोणती? पहिली की दुसरी? आणायला कोण जाणार, किती वाजता, आजी-आजोबांकडे नेलं तर चालेल का, फोन कधी करायचा? दिवाळीत लक्ष्मीपूजन कोणाकडे आणि भाऊबीज कोणाकडे, हे नावानिशी लिहा. तुमच्याकडे मुलगी आणि मुलगा दोघं आहेत, भाऊबीजेला ती एकत्रच असायला हवीत.

इंदूआजी:

मी जुन्या वळणाची आहे, रागावू नका. घरात पंचांग बघितल्याशिवाय मी नवं भांडंही वापरायला काढत नाही. तरी या मुलीच्या आईला माझा निरोप सांगा. आमचे गुरुजी म्हणतात, कोर्टकचेरीला मुहूर्त नसतो. अधिक महिन्यात आपण लग्न, मुंज, वास्तुशांत करत नाही, कारण ती मंगलकार्यं. दवाखाना, परीक्षा, कोर्ट कोणी थांबवत नाही. पितृपक्षात ऑपरेशन ठरलं तर आपण पुढे ढकलतो का?

आईच्या मनाला फारच लागत असेल तर एवढं करावं. वकिलांनी सांगितलेल्या पंधरवड्यात अमावास्या टाळून एक दिवस घ्यावा. आईचं समाधान होतं आणि पोरीचं वर्ष वाया जात नाही. दिराच्या लग्नाचं मात्र मला पटतं. नव्या सुनेच्या गृहप्रवेशाच्या आठवड्यात घरात हा विषय नको. पण मग ते लग्न एप्रिलमध्ये आहे तर अर्ज फेब्रुवारीत होऊ दे ना. शमीने म्हटलंच आहे, अर्जाची दवंडी पिटत नाहीत. तोंड मिटून लग्नाला उभं राहणं तुला जमेल का ते तू बघ, बाळ. जमत नसेल तर नवऱ्याने आईला तसं सांगावं, ते त्याचं काम आहे.

जाईजुई_पिंपरी:

इंदूआजी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, अमावास्या कधी आहे ते बघते. तुम्हाला नमस्कार.

मावळतीकर, तुमचं वाचून नवऱ्याशी मुद्दाम बोलले. मे महिन्याचा विचार आम्ही दोघांनीही केला नव्हता. काळा_कोट, अठरा महिन्यांचं गणित मला माहीतच नव्हतं. मग प्रश्न असा की दुसरा टप्पा परीक्षेनंतर ठेवला तर त्यात काय धोका?

काळा_कोट:

धोका एकच आणि तो खरा आहे. संमती शेवटपर्यंत टिकावी लागते. हुकूमनामा होण्याआधी दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं, हेही त्याच १९९१ च्या निकालात आहे. वर्षभरात माणसं बदलतात, नातेवाईक कान भरतात, फ्लॅटचे भाव वाढतात. त्यामुळे संबंध आज समंजस असतील तर मी सहसा ऑगस्टच्या बाजूने असतो. मुलीच्या अभ्यासाला त्याने फारसा धक्का लागत नाही, कारण परस्परसंमतीच्या प्रकरणात मुलं न्यायालयात फार क्वचित यावी लागतात. कंटेस्टेड, म्हणजे संमती नसलेल्या, लढवल्या जाणाऱ्या प्रकरणात ताब्याचा वाद असेल तर गोष्ट वेगळी. तिथे समुपदेशक मुलांशी बोलतात, कधी न्यायाधीशही बोलतात. दहावीच्या वर्षात ते टाळावं.

कर_आणि_कागद:

मी सीए आहे. भावनेचं इतरांनी लिहिलं आहेच, मी पैशांचं लिहितो, कारण वर्षातली वेळ कळते ती सगळ्यात जास्त इथे.

परस्परसंमती नसेल आणि पोटगीचा प्रश्न असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या रजनेश विरुद्ध नेहा या नोव्हेंबर २०२० च्या निकालाने दोन मोठे बदल केले. एक, दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. दोन, पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. हा दुसरा मुद्दा घरोघरी सांगायला हवा. 'दिवाळी होऊ दे', 'त्याचा बोनस होऊ दे' म्हणत जी बाई अर्ज लांबवते, ती मधल्या महिन्यांची पोटगी घालवते. हुकूम उशिरा झाला तरी हिशेब अर्जापासून होतो, अर्जाच्या आधीचा नाही.

प्रतिज्ञापत्राला कागद लागतात : सॅलरी स्लिपा, बँकेची स्टेटमेंटं, आयकर विवरणपत्रं, कर्जाचा उतारा. नोकरदाराला फॉर्म १६ साधारण १५ जूनपर्यंत मिळतो. म्हणून काही जण जून-जुलैपर्यंत थांबतात. माझ्या मते तेवढ्यासाठी थांबू नये. आदल्या वर्षीचा फॉर्म १६ आणि चालू वर्षाच्या स्लिपा पुरतात, नवा कागद मागाहून देता येतो. पण घर सोडायच्या आधी कागदांच्या प्रती काढून ठेवा. फ्लॅटच्या करारनाम्याची इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मुलांचे जन्मदाखले, आधार, पासपोर्ट, विम्याच्या पॉलिसी, दागिन्यांच्या पावत्या. बाहेर पडल्यावर यातला एकेक कागद मागून घेणं जिवावर येतं.

आता तिसरी तारीख, हुकूमनाम्याची. तोपर्यंत तुम्ही कायद्याने पती-पत्नीच आहात आणि त्याचा उपयोग होतो. महाराष्ट्रात राहतं घर पती-पत्नीत बक्षीसपत्राने द्यायचं तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वरचे स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. घटस्फोटानंतर हे नातं उरत नाही. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल आणि तो एकाकडे ठेवायचा ठरला असेल तर ही पायरी हुकूमनाम्याच्या आधी घ्यायची का, हे वकिलांना विचारा. कर्ज चालू असेल तर बँकेच्या संमतीशिवाय हलू नका. बँक फक्त आपला करार बघते, तुमचं आपसात काय ठरलं याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

जोडीदाराच्या कंपनीच्या आरोग्यविम्यात तुमचं नाव असेल तर तेही हुकूमनाम्यापर्यंतच. स्वतःची पॉलिसी आधीच काढा, कारण जुन्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो. पंचेचाळिशीत साखर किंवा रक्तदाब निघाला की तो काळ फार महाग पडतो. हे काम अर्जाच्याही आधीचं आहे.

आणि एक, ज्याबद्दल कोणीच बोलत नाही. केस चालू असताना एकाचं काही बरंवाईट झालं आणि मृत्युपत्र नसेल, तर दुसरं माणूस वारसच असतं. मृत्युपत्र असेल तर घटस्फोटाने ते आपोआप रद्द होत नाही. पीएफ, बँक, म्युच्युअल फंड, सगळीकडचे नॉमिनी बघून घ्या.

आकडेमोड्या:

अमेरिकेत यावर संशोधन झालेलं आहे. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या ज्युली ब्राइन्स आणि ब्रायन सेराफिनी यांनी २००१ ते २०१५ या काळातले वॉशिंग्टन राज्यातले घटस्फोटाचे अर्ज पाहिले. दर वर्षी मार्च आणि ऑगस्टमध्ये अर्ज वाढलेले दिसले. त्यांचं स्पष्टीकरण असं की नाताळ आणि उन्हाळी सुट्टी या दोन काळांत लोक नव्याने आशा धरतात, एकत्र वेळ घालवला की सुधारेल असं वाटतं. सुट्टी संपते, आशाही संपते. हे निष्कर्ष २०१६ मध्ये मांडले गेले.

आपल्याकडे नाताळाच्या जागी गणपती ते दिवाळी असावी असं मला वाटतं, पण तो माझा अंदाज. त्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र मनात राहिली. सणाकडून अपेक्षा ठेवून माणूस थांबतो. तुम्ही कोणत्या अपेक्षेने थांबला आहात हे स्वतःला विचारलं तर उत्तर सापडायला मदत होईल.

दूरची_लीड्सहून:

इंग्लंडमध्ये जानेवारीतल्या पहिल्या कामाच्या सोमवारला वर्तमानपत्रं 'डिव्होर्स डे' म्हणतात. त्या दिवशी वकिलांचे फोन वाजतात एवढंच, घटस्फोट काही त्या दिवशी होत नाही. इथे ६ एप्रिल २०२२ पासून कोणाचाही दोष न दाखवता अर्ज करता येतो. अर्ज निघाल्यापासून २० आठवड्यांनी पहिला हुकूम मागता येतो आणि त्यानंतर सहा आठवड्यांनी शेवटचा.

पण मी लिहिते आहे ते इथे परदेशी बसून वाचणाऱ्यांसाठी. लग्न सांगलीत किंवा नागपुरात हिंदू विवाह कायद्याने लागलेलं असेल तर 'इकडे लवकर होतं, इकडेच उरकू' असं ठरवण्याआधी भारतातल्या वकिलाला विचारा. सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा वाय. नरसिंह राव प्रकरणातला निकाल आहे. ज्या कायद्याने लग्न झालं त्यातल्या कारणावर परदेशी हुकूम आधारलेला हवा, किंवा दोघांनी त्या कोर्टाचा अधिकार मनापासून मान्य केलेला हवा. एकतर्फी मिळवलेला कागद भारतात अडतो. दुसरं लग्न, पुण्यातला फ्लॅट, मुलांचे पासपोर्ट, सगळीकडे तो अडतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला इथला हुकूम हातात असून तिकडे पुन्हा सगळं करावं लागलं.

अमेरिकेत असणाऱ्यांनी ३१ डिसेंबर ध्यानात ठेवा. त्या दिवशी तुम्ही विवाहित असाल की नाही यावर त्या अख्ख्या वर्षाचा कर ठरतो. आणि व्हिसा जोडीदारावर अवलंबून असेल, एच-४ सारखा, तर हुकूम होण्याआधी स्वतःच्या व्हिसाची सोय बघा. तिथे सगळ्यात महत्त्वाची तारीख तीच.

सावली_९:

सगळे शांतपणे लिहीत आहेत, मला हे विचारायला संकोच वाटतो आहे. माझ्या धाकट्या बहिणीला मारहाण होते. दोन लहान मुलं आहेत. आईबाबा म्हणतात, मुलांची वार्षिक परीक्षा झाली की मे महिन्यात माहेरी घेऊन येऊ, मग कायमचं ठेवून घेऊ. तोवर सांभाळून राहा असं तिला सांगितलं आहे. हे बरोबर आहे का?

शमी:

सावली, नाही. परीक्षेपर्यंत नाही, रविवारपर्यंतही नाही. वरचं सगळं महिन्यांचं गणित जीव सुरक्षित असणाऱ्यांसाठी आहे. लहान मुलांची वार्षिक परीक्षा पुन्हा घेता येते. तुला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, आत्ता बघ.

काळा_कोट:

शमीताईंशी पूर्ण सहमत. सावलीताई, इथे घटस्फोटाची वेळ हा प्रश्नच नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा याच साठी आहे. त्यासाठी वेगळं राहिलेलं असण्याची अट नाही, लग्नाला किती दिवस झाले याचीही नाही. जिल्ह्यातल्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत लागावी असं कायदा म्हणतो, आणि गरज असेल तर समोरच्याला न ऐकताही अंतरिम संरक्षण देता येतं. तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर कोणाच्याही नावावर असो. घराबाहेर पडली म्हणजे तो हक्क संपला असं नाही, हे आईबाबांना सांगा. बरीच माहेरं याच भीतीने मुलीला थांबवून धरतात.

मारहाण चालू असेल तर ११२. महिलांची मदतवाहिनी १८१. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. त्यांची मदतवाहिनी १५१००. आजवर दवाखान्यात गेली असेल तर ते केसपेपर जपून ठेवा. गेली नसेल तर आता सरकारी रुग्णालयात नेऊन नोंद करा. घटस्फोटाचा अर्ज मागाहून, ती सुरक्षित झाल्यावर, शांतपणे करता येईल. तो माहेरच्या गावातही करता येतो. २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नी अर्जाच्या वेळी जिथे राहते तिथल्या न्यायालयातही तिला दाखल करता येतं.

सावली_९:

शमीताईंशी बोलले. उद्या सकाळी बाबा आणि मी जातो आहोत. मुलांच्या शाळेत सोमवारी सांगू.

मावळतीकर:

सावली, निघताना मुलांची रोजची औषधं, चष्मे, त्यांच्या आवडीची एखादी वस्तू घ्या. जाताना सोबत दोघांपेक्षा जास्त माणसं असू द्या. इथे कळवा.

इंदूआजी:

पोरी, घरी पोचलात की लिही. मी जागी आहे.

जाईजुई_पिंपरी:

सावली, आमचं सगळ्यांचं लक्ष तुझ्याकडे लागलं आहे. तू लिहिल्याशिवाय मला माझं काही लिहावंसं वाटत नव्हतं.

सावली_९:

आलो. तिघंही आमच्याकडे आहेत. मोठ्याला ताप आहे, बाकी ठीक. संरक्षण अधिकाऱ्यांना आज भेटलो. इंदूआजी, बहीण झोपली आहे.

जाईजुई_पिंपरी:

सावली, वाचून फार बरं वाटलं. आता माझं सांगते, कारण एवढ्या सगळ्यांनी वेळ दिलात.

काल जेवणं झाल्यावर नवरा आणि मी मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर दोन तास बसलो. इतके महिने आम्ही 'दहावी होऊ दे' एवढ्यावरच थांबत होतो. त्याला भीती होती की अर्ज झाला की मी मुलांना घेऊन लगेच आईकडे जाईन. मला भीती होती की दहावीच्या नावाखाली तो हे कधीच होऊ देणार नाही. दोन्ही भीती बोलून झाल्यावर तारीख ठरवायला फार वेळ लागला नाही. फेब्रुवारीत संमतीने अर्ज, दुसरा टप्पा ऑगस्टमध्ये, गणपती १४ सप्टेंबरला आहेत त्याआधी. लेकीची शाळा बदलायची नाही. तो याच भागात भाड्याने घर बघणार आहे, शाळेपासून सायकलच्या अंतरावर, आणि दिराच्या लग्नानंतर, मे महिन्यात राहायला जाईल. म्हणजे जूनमध्ये शाळा उघडताना मुलांना दोन्ही घरांची सवय झालेली असेल. मेच्या सुट्टीचे पहिले पंधरा दिवस माझ्याकडे, पुढचे त्याच्याकडे. भाऊबीज यंदा माझ्याकडे, पुढच्या वर्षी त्याच्याकडे.

सासूबाईंना दिराच्या लग्नानंतर तो स्वतः सांगणार आहे. लग्नाला मी जाणार, जाऊ म्हणून नाही तरी मुलांची आई म्हणून.

राहिला प्रश्न लेकीचा. तिला आम्ही दोघांनी मिळून सांगायचं, तिची नववीची परीक्षा झाल्यावर. पण मला वाटतं तिला कधीच कळलं आहे.

शमी:

कळलेलंच असतं, जाई. माझ्या मुलाने नंतर सांगितलं की त्याला सगळ्यात जास्त त्रास वाट बघण्याचा झाला, आज सांगतील की उद्या. परीक्षेचा शेवटचा पेपर झाला त्याच संध्याकाळी मात्र सांगू नका. तो दिवस मैत्रिणींचा असतो. चार दिवस जाऊ द्या. आणि सांगताना तारखा हातात असू द्या : बाबा कुठे राहायला जाणार, कुठल्या वारी कोणाकडे, क्लासला कोण सोडणार. मुलं 'का' कमी विचारतात, 'मग माझं काय' हे आधी विचारतात.

मांडवीकाठ:

मध्येच विचारते. माझं लग्न गोव्यात नोंदलेलं आहे, नोकरीसाठी दोघं ठाण्यात. वरचं सगळं मला लागू होतं का?

काळा_कोट:

मांडवीकाठ, नाही, तसंच्या तसं लागू होत नाही. गोव्याचा नागरी कायदा वेगळा आहे. वेगळा करार केलेला नसेल तर तिथे पती-पत्नीची मालमत्ता मुळातच सामाईक धरली जाते आणि वाटणीची पद्धतही निराळी आहे. तुम्ही पणजी किंवा मडगावच्या वकिलाशी बोलल्याशिवाय ठाण्यात काहीही दाखल करू नका. नोंदणीच्या वेळचा दाखला आधी काढून घ्या, त्यावर मालमत्तेबद्दल काही नोंद आहे का ते बघा.

जाईजुईताई, फेब्रुवारी ठरला असेल तर एवढं करा. विवाहनोंदणीचा दाखला आहे का ते आजच बघा. नसेल तर महापालिकेच्या विवाह नोंदणी कार्यालयातून घ्यायला वेळ जातो. लग्नपत्रिका, फोटो, दोघांचे पत्त्याचे पुरावे जमवा. संमतीपत्राचा मसुदा दोघांनी स्वतंत्र वकिलांना दाखवा, एकच वकील दोघांचा नको. फ्लॅट, कर्ज, फी, क्लास, दवाखाना, प्रत्येकाचा रुपयांतला आकडा त्यात असू द्या, आणि अकरावी-बारावीनंतरच्या शिक्षणाचा खर्च कोण किती उचलणार तेही आत्ताच लिहा. ऑगस्टमध्ये हुकूम झाला की प्रमाणित प्रतीसाठी त्याच दिवशी अर्ज करा, दोघांनी आपापल्या वेगळ्या प्रती घ्या. बँक, पासपोर्ट, शाळा, पीएफ, सगळीकडे तीच मागतात, झेरॉक्स चालत नाही.